ओळखीचे दुःख आणि अनोळखी धोका

गोंदिया जिल्ह्यात दिवाळी येते ती धानकापणीच्या दिवसांत. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरू लागते, रात्र रात्र नाटके रंगतात. पण ज्या घरी सिकलसेलचे मूल आहे, तिथे याच गारठ्याचा धाक असतो. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, एवढे निमित्त पुरते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल हाडे दुखतात म्हणून कण्हत बसते.

आजार पूर्व विदर्भाला नवा नाही. १९५८ सालीच शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेस चारांत एक मूल आजारी निपजण्याचा संभव. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी वेदनेचे झटके कमी होतात. आजार मात्र जात नाही. तो घालवायचा तर बहुधा सख्ख्या भावंडाचा अस्थिमज्जा घ्यावा लागतो, आणि तो पुरता जुळण्याचा संभवही चारांत एकच.

समजा, जुळला. आता काय करावे?

मूल मरणाच्या दारी असते तर प्रश्नच नव्हता. पण दोन झटक्यांच्या मध्ये ते शाळेत जाते, बांधावरून धावते. मज्जारोपणात बहुतेक मुले बरी होतात. काही परत येत नाहीत. धावते मूल आपल्या हाताने त्या खाटेवर कसे निजवावे? आणि न निजवावे, तर पुढचा एखादा झटका मेंदूवर जाणार नाही, ही हमी कोणी द्यावी? 'मोठा झाला की त्याचे तोच ठरवील' हे म्हणणे न्यायाचे वाटते खरे. पण हा उपचार लहान वयातच अधिक साधतो. त्याच्या मताची वाट पाहावी, तर त्याचीच संधी निसटते. येथे काहीच न ठरवणे हेही ठरवणेच होय.

आणि ती धाकटी बहीण? 'दादासाठी देशील ना?' म्हटल्यावर सहा वर्षांची पोर 'हो'च म्हणणार. तिला धोका थोडा, पण टोचणी तिची आणि लाभ दुसऱ्याचा. भाऊ बरा झाला तर तिचेही घर हसते होईल, हे मला पटते. तरी आईबापांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा: आजारी मुलगी असती, तर मुलाकडे आपण इतक्याच सहजपणे मागितले असते काय? उत्तर 'हो' असेल, तरच ते मागणे निर्मळ.

राहता राहिलो आपण, शेजारीपाजारी. मूल बरे झाले तर आपण म्हणतो, 'धीराची माणसे!' दगावले तर, 'हातानेच घालवले.' निर्णय तोच, माणसेही तीच. आपण निवाडा करतो तो शेवट पाहून. त्यांना तर शेवट दिसत नव्हता. जेवढे कळले तेवढ्यावर, लेकराचे हित डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी ठरवले असेल, तर पुढे काहीही घडो, ते चुकले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अशा घरी यंदा फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा 'असे का केलेत?' एवढे मात्र विचारू नका. घटकाभर बसा. त्यांना बोलायचे असेल तर तेच बोलतील.