शरद ऋतु आणि सेवाधर्म

ज्या मनुष्यानें आपलें आयुष्य लोकांच्या सेवेस वाहिलें आहे त्यानें आश्विनांतल्या एखाद्या स्वच्छ सकाळीं, कोणतेंहि काम हातीं नसतां, केवळ आनंदासाठीं डोंगरावर जाऊन बसावें कीं बसूं नये? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. व्यवहारी मनुष्य म्हणेल, खुशाल बसावें; चार दिवस विश्रांति घ्यावी आणि पुन्हां कामास लागावें. परंतु ज्याला हा प्रश्न खरोखर पडलेला असतो त्याचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. त्याची शंका विश्रांतीविषयीं नसते, आनंदाविषयीं असते.

माझा एक जुना विद्यार्थी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. त्याची मंडळी देशावरच्या एका लहानशा गांवीं. गेल्या शरदांत तो चार दिवसांची रजा घेऊन अंजनवेलीस आपल्या एका स्नेह्याच्या घरीं येऊन राहिला होता. आश्विनांत अंजनवेल ज्यानें पाहिलें आहे त्याला त्या चार दिवसांचें वर्णन सांगावयास नको. पावसाचा मळभ गेलेला असतो. वाशिष्ठीचें पाणी गढूळपणा टाकून खाडीच्या मुखाशीं निळें होऊं लागतें. पलीकडचें दाभोळ इतकें जवळ दिसतें कीं तेथल्या घरांचीं कौलें मोजावींत. गोपाळगडाच्या जांभ्या दगडाच्या तटावरचें शेवाळ वाळून तपकिरी झालेलें असतें. टाळकेश्वराच्या देवळापाशीं, दीपगृहाजवळच्या कातळावर उभें राहिलें तर नारळी पौर्णिमेपासून पुन्हां समुद्रांत जाऊं लागलेल्या होड्या दूरवर ठिपक्यांसारख्या दिसतात. १९९० नंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या वीजप्रकल्पाचीं धुराडींहि दिसतात. तीं दिसूं नयेत म्हणून पाठ फिरवून बसणारे रसिक मला ठाऊक आहेत, पण तो विषय निराळा.

तिसऱ्या दिवशीं माझ्या या विद्यार्थ्याला निरोप आला कीं मंडळींतील एक वृद्ध बाई वारली. ती बरेच दिवस आजारी होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं तो तिला भेटून, प्रार्थना करून आला होता, आणि तिला उतार पडेल असेंच सर्वांस वाटत होतें. दफनविधि शेजारच्या गांवच्या पाळकानें केला. पुढें तो मला भेटला तेव्हां म्हणाला, "सर, ती गेली त्या वेळीं मी समुद्राकडे पाहत बसलों होतों, आणि मला फार आनंद झाला होता. तो आनंद आतां मला चोरीचा वाटतो."

मीं विचारलें, "त्या दिवशीं तूं मुंबईस एखाद्या समितीच्या सभेला गेला असतास तर?"

तो जरा थांबून म्हणाला, "तर वाईट वाटलें असतें. पण चोरी केल्यासारखें वाटलें नसतें."

या उत्तरांत सगळा प्रश्न सांपडतो असें मला वाटतें. सभेला गेलेला पाळक आणि कड्यावर बसलेला पाळक, दोघेहि त्या बाईच्या उशाशीं सारखेच गैरहजर. फरक इतकाच कीं सभेंत तो कंटाळला असता. आणि कंटाळा हा आपल्या लेखीं कर्तव्य केल्याचा दाखला असतो. गैरहजेरीबद्दल त्यानें त्या बाईच्या माणसांजवळ खेद प्रगट केला, आणि तो योग्यच होता. पण आनंदाबद्दल तो कोणाजवळ क्षमा मागणार? त्या बाईच्या वांट्याचा कोणता घांस त्या आनंदानें हिरावून घेतला होता?

ही आनंदाविषयींची धास्ती त्याच्या एकट्याची नव्हे. ती फार जुनी आहे. २६ एप्रिल १३३६ रोजीं इटालियन कवि पेत्रार्क फ्रान्समधील व्हांतू पर्वतावर चढला. शिखरावर त्यानें बरोबर नेलेलें संत ऑगस्टीनचें आत्मनिवेदन उघडलें, तों नेमका दहाव्या भागांतील तो भाग निघाला ज्यांत मनुष्यें पर्वतांचीं शिखरें आणि समुद्राच्या लाटा पाहावयास जातात पण स्वतःकडे पाहत नाहींत असें म्हटलें आहे. पेत्रार्क ओशाळला आणि मुकाट्यानें खालीं उतरला. खरें पाहतां ऑगस्टीनचा रोख तेथें डोंगरावर नाहीं. तो स्मृतीच्या अद्भुत शक्तीचा विचार करीत आहे, आणि आपल्या आंतच एवढें आश्चर्य असतां लोक त्याकडे दुर्लक्ष कसें करितात, एवढेंच त्याचें म्हणणें. पण ओशाळण्याची तयारी असलेल्या मनाला संदर्भ लागत नाहीं. यहुदी आचार्यांच्या नीतिवचनांतहि असें एक कठोर वचन आहे कीं वाटेनें अध्ययन करीत जाणारा मनुष्य तें थांबवून हें झाड किती सुंदर आहे असें म्हणेल तर तो आपल्या जिवाचा अपराधी होय. कांहीं भाष्यकारांनीं त्यावर मोठ्या मार्मिकपणें सुचविलें आहे कीं येथें दोष झाडाकडे पाहण्याचा नाहीं, थांबविण्याचा आहे. झाड पाहणें म्हणजे अध्ययन मोडणें असें ज्याला वाटतें तो अपराधी.

आम्ही इंग्रजी शिकलेल्या मंडळींनीं या धास्तींत आणखी एक भर घातली. आम्ही किट्सची शरदावरची कविता पाठ केली. ती १८१९ च्या सप्टेंबरांत विंचेस्टर येथें लिहिली गेली. म्हणजे अंजनवेलीचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेल्याला तेव्हां एकच वर्ष झालें होतें. उत्तरेकडील त्या देशांत शरद म्हणजे वर्षाची संध्याकाळ. पानें पिवळीं पडतात, दिवस आखडतो, पुढें थंडी आणि काळोख. अशा ऋतूंत सुखानें बसणाऱ्याला सरत्या वेळेची टोंचणी लागणें साहजिक आहे. परंतु कोंकणांत आश्विनांत पान गळत नाहीं. येथें वर्ष मिटत नसून उघडतें. चिखल सुकतो, ओढ्यांना उतार मिळतो, बोटी सुटतात, पाहुणा येऊं शकतो आणि जाऊं शकतो. म्हणून आपल्याकडे शरद हा निवृत्तीचा ऋतु कधींच नव्हता. तो निघण्याचा ऋतु होता. विजयादशमीस सीमोल्लंघन करावयाचें तें याच दिवसांत.

धर्मसेवकांच्या बाबतींत तर हें अक्षरशः खरें आहे. खाडीपलीकडे दापोली तालुक्यांत पन्हाळेकाजी येथें २९ लेणीं आहेत. त्यांतलीं जुनीं बौद्ध भिक्षूंचीं. भिक्षूंना पावसाळ्यांत एका जागीं राहण्याचा नियम कां लागला याची विनयग्रंथांतील हकीकत मोठी विचार करण्यासारखी आहे. आधीं भिक्षु पावसांतहि हिंडत. लोक कुरकुरूं लागले कीं पांखरेंदेखील पावसाळ्यांत घरटें बांधून स्वस्थ राहतात, आणि हे कोंवळें गवत तुडवीत, बारीक जीव चिरडीत फिरतात. तेव्हां तीन महिन्यांचा वर्षावास ठरला. म्हणजे उपदेशासाठीं चालणाऱ्या पायांना पहिली मर्यादा पडली ती गवतासाठीं! लोककल्याणाची घाई कितीहि असो, कोंवळ्या गवताचाहि त्यांत कांहीं हक्क आहे हें तेथें मान्य झालें. वर्षावास संपे तो आश्विनी पौर्णिमेस. आपण ज्या चांदण्यांत आटीव दूध पितों त्याच चांदण्यांत भिक्षु एकमेकांना विनवीत कीं माझ्यांत कांहीं दोष पाहिला, ऐकला वा संशयिला असेल तर सांगा. आणि मग ते मार्गाला लागत.

याहून मोठा आधार वाल्मीकीचा आहे. किष्किंधाकांडांत राम प्रस्रवण पर्वतावर पावसाळा काढतो. पाऊस सरला कीं सीतेचा शोध सुरू करावयाचा असा सुग्रीवाशीं करार आहे. शरद येतो, सुग्रीव अंतःपुरांत रमलेला. राम संतापतो आणि लक्ष्मणाला त्याच्याकडे पाठवितो. येथवरची कथा सर्वांस माहीत आहे. पण लक्ष्मणाला पाठविण्यापूर्वीं राम काय करितो? ज्याची पत्नी हरण केली गेली आहे, ज्याला एकेक दिवस युगासारखा जात आहे, तो राम शरदाचें वर्णन करितो, आणि तेंहि थोडक्यांत नव्हे. निवळलेल्या नद्या, हंस, चांदणें, पिकलेलीं शेतें, सारें त्याला दिसतें. दुःखानें त्याचे डोळे मिटलेले नाहींत. सुग्रीवावर त्याचा राग आहे तो दिलेलें वचन विसरल्याबद्दल. त्याला शरद आवडला म्हणून नव्हे. उलट मद्यानें धुंद होऊन पडलेल्या सुग्रीवाला शरद आल्याचें भानच नव्हतें. ऋतूकडे त्याचें लक्ष असतें तर वचनहि आठवलें असतें.

आतां आनंदाचें समर्थन करणारे दोन पक्ष आहेत, आणि मला ते दोन्ही पटत नाहींत. एक म्हणतो, सृष्टिसौंदर्यानें मन ताजें होतें व सेवा अधिक चांगली होते. होत असेल, पण मग समुद्र हा घोड्याच्या चंदीसारखा झाला. दुसरा पक्ष उपदेशकांचा. त्यांना फूल दिसलें कीं त्यांतून बोध काढल्यावांचून राहवत नाहीं. कातळावर भाद्रपदांत सीतेचीं आसवें फुलतात, तीं निळीं, नखाएवढीं फुलें पाहून जो लगेच पुढल्या रविवारच्या प्रवचनाची जुळवाजुळव करूं लागतो, त्यानें तें फूल पाहिलेंच नाहीं असें मी म्हणेन. निव्वळ ऐषआरामी मनुष्य फुलाकडे निदान दुसऱ्यांदा पाहतो. याला दुसऱ्यांदा पाहण्याची गरज उरत नाहीं.

या सर्वांपेक्षां खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो धर्मशास्त्रांतून न येतां शेतांतून येतो. दसऱ्याच्या सुमारास हळवें भात कापणीला येतें. कड्यावर बसलेल्या मनुष्याला तें सोनें दिसतें; कापणाऱ्या बाईला दिवसभराच्या ओणव्यानें मोडलेली कंबर दिसते. संध्याकाळीं समुद्रावर ढगांचे तांबडे मनोरे चढतात, आंत वीज चमकते. केवढा देखावा! पण कापलेलें भात शेतांत वाळत पडलें असतां तो ढग फुटला तर दाण्याला मोड येतात आणि चार महिन्यांचे श्रम मातींत जातात. एकाचा देखावा तोच दुसऱ्याची धडकी. हा आक्षेप कोणत्याहि युक्तिवादानें पुसून टाकतां येत नाहीं, आणि टाकूंहि नये.

मात्र त्याचा अर्थ डोळे मिटावे असा होत नाहीं. ढगाकडे खरोखर पाहणाऱ्याला तो कोणत्या शेतावर चालला आहे तेंहि दिसलें पाहिजे. ज्याला केवळ रंग दिसले त्याचें पाहणें अर्धें राहिलें. माझ्या विद्यार्थ्यानें बोलतां बोलतां सांगितलें कीं दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तसाच ढग उठला, तेव्हां ज्यांच्याकडे तो उतरला होता त्यांच्या घरच्या बायकामाणसांबरोबर तोहि धांवला आणि अंधार पडेपर्यंत भाताचे भारे उचलून पडवींत आणून टाकले. "आणि गंमत म्हणजे, सर," तो म्हणाला, "भारा डोक्यावर असतांनाहि ढग सुंदरच दिसत होता." त्यानें हें समर्थन म्हणून सांगितलें नव्हतें, त्याला त्याचें नवल वाटलें होतें. ज्या आनंदाला तो चोरी म्हणत होता त्या आनंदाचा हा आदल्याच दिवसाचा सख्खा भाऊ, हें मात्र त्याच्या ध्यानांत आलेलें दिसलें नाहीं.

या प्रसंगीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होणें अपरिहार्य आहे. ते याच रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचे. जन्म १८६१ चा. १८९५ सालीं ख्रिस्ती झाल्यावर त्यांचें कार्य मुख्यतः अहमदनगर भागांत झालें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं तो सारा मुलूख पोळून निघाला होता, वर प्लेग होता. आणि याच मनुष्याला महाराष्ट्र फुलांमुलांचा कवि म्हणून ओळखतो. 'वनवासी फूल' या दीर्घ कवितेंत त्यांनीं कवि आणि रानांतलें फूल यांना समोरासमोर बसवून एकांत खरा कीं लोकांत राहणें खरें, हाच वाद घातला आहे. वादाचा निकाल काय लागला यापेक्षां त्यांनीं घरांत काय केलें तें मला अधिक बोलकें वाटतें. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाला बालकवि ही पदवी मिळाली. झरे, पाखरें आणि ऊन यांपलीकडे ज्याला दुसरी चाकरी नव्हती अशा या मुलाला दुष्काळ पाहिलेल्या त्या धर्मोपदेशकानें अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या पोराप्रमाणें संभाळलें. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडून संन्यासवृत्ति पत्करली. मे १९१८ मध्यें बालकवि गेले, आणि त्यानंतर एका वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळक.