विहिरीतला पाव आणि इतर काही समज

लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी रात्र जागवताना, मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर अथवा विरार गाडीच्या गर्दीत माणसे जे बोलतात त्यातले बरेचसे ऐकीव असते. ते तसेच असायचे. प्रत्येक वाक्याला पुरावा मागू लागलो तर संभाषण म्हणून काही उरणार नाही, आणि असा पुरावा मागणाऱ्या गृहस्थाला पुढल्या लग्नाचे आमंत्रणही येणार नाही. तरीसुद्धा एक प्रश्न आम्हांला दीर्घकाळ सतावीत आला आहे. आपल्यासमोर कोणी चुकीची गोष्ट खरी म्हणून सांगत असता आपण नुसती मान डोलावतो, तेव्हा त्या असत्यात आपला वाटा किती? आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. मुकाट्याने दिलेल्या साक्षीचे काय?

‘पाव’ हा शब्दच घ्या. कणीक पायांनी तुडवीत म्हणून पाव, असे एक जण छातीठोकपणे सांगतो; चार भागांतला एक म्हणून पाव, असे दुसरा. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत या पदार्थाला जे सानुनासिक नाव आहे तेच पदार्थाबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत रुळले. ही चूक निरुपद्रवी आहे. हसून सोडून द्यावी. (भट्टीसमोर पहाटेपासून राबणाऱ्या मनुष्यादेखत पायांची गोष्ट निघाली, तर मात्र आम्ही ती सोडणार नाही.)

याच पावाची दुसरी कथा तितकीशी निरुपद्रवी नाही. पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गावकरी ते पाणी प्याले आणि सारा गाव बाटला, ही कथा आपल्यापैकी अनेकांनी कचेरीतल्या डब्याच्या वेळी ऐकली असेल. सांगणाऱ्याच्या मनात बहुधा आकस नसतो. समोर बसलेला सहकारी ख्रिस्ती आहे याचाही त्याला विसर पडलेला असतो. कोणत्या गावी, कोणत्या साली, असे विचारले की तो गोंधळतो. पण तेवढ्यावर विजय मानून आपण डबा बंद केला तर मूळ गोष्ट तशीच राहते. कारण या कथेत एक घटना आहे आणि घटनेच्या तळाशी एक गृहीत आहे. घटनेविषयी पुरावा मागता येतो. गृहीताला पुरावा लागू पडत नाही. त्याच्याशी वाद घालावा लागतो.

ते गृहीत असे, की धर्म ही पाण्यात विरघळणारी वस्तू आहे. मनुष्याला न कळत, त्याच्या इच्छेवाचून, तो त्याच्यापासून काढून घेता येतो. आपली ख्रिस्तसभा असे मानीत नाही. प्रौढाला स्नानसंस्कार द्यायचा तर त्याने स्वतः तशी इच्छा व्यक्त केली पाहिजे आणि त्याला श्रद्धेची शिकवण मिळालेली असली पाहिजे. श्रद्धा ठेवणे हे इच्छेचे कार्य असल्यामुळे अश्रद्धावंतावर तिची सक्ती करता येत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे. पाव खाऊन कोणी ख्रिस्ती होत नाही. आणि कथा नीट ऐकली तर तिचा दोषारोप केवळ पाद्र्यावर नाही, हेही ध्यानात येते. पाणी पिणाऱ्यांना परत घरात घेतले कोणी नाही? कथा सांगणाऱ्याने हा विचार बहुधा केलेला नसतो. तो त्याला करू द्यावा.

परंतु येथेच आपली खरी परीक्षा आहे. विहिरीतला पाव खोटा, असे सिद्ध केल्याबरोबर आपण त्याच दमात म्हणून टाकतो, “आमच्या पूर्वजांवर कसलीच सक्ती झाली नाही.” हेही तितकेच ऐकीव. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. तेथे १५६० साली सुरू झालेले धर्मन्यायासन मधली काही वर्षे वगळता १८१२पर्यंत चालले. सत्याच्या सेवेसाठी शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग ख्रिस्तसभेच्या लेकरांनी अवलंबिले, याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली. उलटपक्षी, १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांचे धाक आणि आमिषे दोन्ही संपली, तरीही या किनाऱ्यावरची ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली. केवळ धाकावर उभी राहिलेली श्रद्धा अशी टिकत नाही. ही सारी वाक्ये एकत्र उच्चारावयास धैर्य लागते. अपमान करणारी चूक आपण तत्काळ दुरुस्त करतो, सुखावणारी चूक वर्षानुवर्षे पाळतो.

पाळलेल्या चुकीचे घरचेच उदाहरण म्हणजे मरिया माग्दालिया. ती वेश्या होती आणि प्रभूने तिला क्षमा केली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. शुभवर्तमानात ते कोठेही नाही. लूक सांगतो ते इतकेच, की तिच्यातून सात भुते निघाली होती. त्याच्या सातव्या अध्यायातल्या पापी स्त्रीला नाव नाही. माग्दालियाचे नाव आठव्या अध्यायात येते. इ. स. ५९१ मध्ये पोप महान ग्रेगरी यांनी एका प्रवचनात ती पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि माग्दालिया या तिघी एकच असल्याचे सांगितले, आणि पश्चिमेकडे तो समज दृढ झाला. १९६९ साली उपासना-पंचांगाच्या सुधारणेत तो बाजूला सारला गेला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाची प्रतिष्ठा दिली. तरी आजही प्रवचनांत जुनीच गोष्ट ऐकू येते, आणि ऐकणारे म्हणतात, “फादर, बोध तर चांगला आहे ना?” बोध चांगला आहे, पण तो एका स्त्रीच्या अब्रूवर उभा आहे. शिवाय हा समज इतका सहज का पटला, हेही विचारले पाहिजे. स्त्रीचे पाप म्हटले की ते एकाच प्रकारचे असणार, हे आपले गृहीत. पेत्राच्या पापाविषयी बोलताना आपण असा तर्क कधी चालविला नाही.

आता सांगावे कसे? एम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य चुकीचे निष्कर्ष काढीत चालले होते. प्रभूने आधी विचारले, कशाविषयी बोलता आहात? मग त्यांची संपूर्ण हकीकत ऐकून घेतली, आणि नंतरच शास्त्र उलगडले. (तत्पूर्वी एक कठोर शब्दही वापरला, हे आम्ही लपवीत नाही, पण तो अधिकार सर्वांचा नव्हे.) संत इग्नाती आपल्या ‘आध्यात्मिक साधने’च्या प्रारंभीच सुचवितात, की शेजाऱ्याच्या विधानाचा दोषास्पद अर्थ लावण्याआधी चांगला अर्थ लावण्याची तयारी ठेवावी, तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात बंधूचा दोष त्याला एकांतात दाखविण्याची शिकवण आहे. मात्र ती अपराधाविषयी आहे. दहा जणांसमोर सांगितलेली चुकीची माहिती एकांतात दुरुस्त केली तर सांगणारा शहाणा होतो आणि दहा जण ती घेऊन घरी जातात. आमचे मत असे, की चुकीने केवळ बोलणाऱ्याचे हसे होणार असेल तर थांबावे, मांडव सुटल्यावर सांगावे किंवा सांगूही नये. चूक तेथे हजर नसलेल्या कोणाची बदनामी करीत असेल, तर मात्र तेथेच बोलावे, मग बोलणारा वयाने मोठा का असेना.

यावर तरुण मुले आम्हांला हटकून एक प्रश्न विचारतात. जेवताना बाबा मोबाईलवर आलेला, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुसलमानांविषयीचा एखादा मजकूर वाचून दाखवितात. तो खोटा असल्याचे ठाऊक असते. बाबांना खोडून काढले तर चौथी आज्ञा मोडते का? चौथी आज्ञा आदर मागते, सहमती मागत नाही. “बाबा, हे कुणी पाहिलं?” एवढे हळू आवाजात विचारावयास हरकत नाही. ताटावर धाकटी भावंडे बसलेली असतील, तर जेवण संपण्याची वाट पाहू नये.