उणे अठरा अंशांत बसून पाहणे

आहात तिथेच सावकाश बसा. पाठ टेकलेली असू द्या, दोन्ही तळपाय जमिनीला लागू द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका, येतो-जातो तसा येऊ द्या. आज आपल्याला एका दूरच्या शहरात जायचं आहे, आणि तिथे पोचायची घाई नाही.

शहर कॅनडातलं एडमंटन, अल्बर्टा प्रांताची राजधानी. दिवस २२ नोव्हेंबर २००३, शनिवार. निफाडचा पारा पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे त्याची बातमी होते. एडमंटनला त्या दिवशी पारा उणे अठराच्या आसपास होता, आणि वाऱ्यामुळे अंगाला ती थंडी उणे तीसची लागत होती. अशा हवेत उघड्या मैदानावर आइस हॉकीचा सामना होता, एडमंटन ऑयलर्स आणि माँट्रियल कॅनेडियन्स यांचा. एनएचएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या नियमित मोसमातला हा पहिलाच उघड्यावरचा सामना. पाहायला ५७,१६७ माणसं आली.

ती का आली, हे लगेच विचारू नका. आधी त्यांच्याबरोबर निघूया.

अंगावर एकेक थर चढतो आहे. आत पातळ, मग लोकर, मग वारा अडवणारं जाड जाकीट. बूट जरा सैल, कारण घट्ट बुटात हवेला जागा उरत नाही आणि पाय लवकर गारठतात. कुणी तीनशे किलोमीटरवरच्या कॅलगरीहून येत आहे. या मुलुखात हिवाळ्यात उभ्या गाडीच्या इंजिनाला रात्रभर विजेची वायर जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. शहरातले लोक एलआरटीने निघाले आहेत. ही रेल्वे आणि सामना जिथे आहे ते कॉमनवेल्थ स्टेडियम, दोन्ही १९७८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळची. डब्यात ऊब आहे, काचांवर वाफ धरली आहे, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. स्टेडियम स्टेशन येतं. दार उघडतं.

आता पहिला श्वास. नाकातले केस थिजून ताठ होतात. छाती तो श्वास आखडता घेते. डोळ्यांत पाणी येतं आणि पापण्यांच्या कडांना चिकटतं.

इथे थोडं थांबू. आपल्या हातांच्या बोटांकडे लक्ष न्या. थंडी लागताच बोटांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त छाती-पोटाच्या आत राखलं जातं. तुमची परवानगी कुणी विचारत नाही. हृदय वाचवायचं म्हणून शरीर बोटांचा वाटा कमी करतं. तेवढ्याने भागलं नाही की स्नायू थरथरू लागतात, कारण त्या थरथरीतून उष्णता तयार होते. ज्याला आपण कुडकुडणं म्हणतो, ती शरीराने आपल्यासाठी घेतलेली मेहनत आहे. या क्षणी तुमच्या बोटांत जी ऊब आहे ती ओळखा. एरवी तिच्याकडे लक्ष जात नाही.

आता जागेवर बसूया. जाणकार माणसं सोबत पुठ्ठा आणतात आणि पायांखाली घालतात, कारण काँक्रीट तळव्यांतली ऊब ओढून घेतं. थर्मासचं झाकण उघडतं, वाफ वर जाते. समोर फुटबॉलचं प्रचंड मैदान आणि त्याच्या मधोमध ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद असा बर्फाचा पांढरा आयत. वरच्या रांगांतून तो फार दूर आहे. पक म्हणजे रबराची तीन इंची काळी चकती. ती उसळू नये म्हणून बंदिस्त सभागृहातसुद्धा सामन्याआधी गोठवून ठेवतात. इथून ती जवळजवळ दिसत नाही.

मग पाहायचं काय? खांदे पाहा. सगळे खेळाडू एकाच वेळी एका बाजूला कलले, म्हणजे पक तिकडे गेला. वळणाऱ्या अंगांवरून न दिसणाऱ्या वस्तूचा माग काढायचा. टीव्हीचा कॅमेरा पक दाखवतो, पण हे दाखवत नाही. माझ्या मते दूरच्या जागेवरून पाहणाऱ्याला खेळाचा आकार अधिक चांगला कळतो.

दुपारी इथेच दोन्ही संघांच्या जुन्या खेळाडूंचा सामना झाला. वेन ग्रेट्झकी, मार्क मेसियर, माँट्रियलकडून गी लाफ्लर. बर्फावर साचलेला चुरा खेळाडूंनी स्वतः फावडी घेऊन बाजूला केला. या दृश्यापाशी मी पुन्हापुन्हा येतो. ग्रेट्झकीला लहानपणी वडिलांनी ब्रँटफर्डच्या घरामागच्या अंगणात पाणी सोडून बर्फ करून दिला होता. कॅनडातल्या कितीतरी मुलांनी असंच आधी फावडं हाती घेतलं आणि मग स्टिक. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकमध्ये या खेळाचा पहिला नियोजित सामना छपराखाली झाला. त्यापूर्वी हा खेळ बहुतेक गोठलेल्या तळ्यांवर आणि नद्यांवर चाले. त्या शनिवारी स्टेडियममध्ये बसलेल्या अनेकांना आपल्या अंगणातली थंडी आठवत असणार.

संध्याकाळचा सामना सुरू होतो. माँट्रियलचा गोलरक्षक जोझे थिओडोर याने मुखवट्यावरून लोकरीची टोपी चढवली आहे. इतर धावतात, त्याला मात्र उभं राहून वाट पाहावी लागते. खेळाडूंच्या बाकांना ऊब दिलेली होती आणि ते योग्यच होतं, ज्याला स्टिक धरायची आहे त्याची बोटं जिवंत राहायला हवीत. पण मग प्रेक्षक खेळाडूंपेक्षाही जास्त थंडीत बसले होते, तासन् तास. एरवी पाहणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही, कष्ट समोरच्याचे असतात. इथे पाहणाऱ्यानेही आपल्या अंगाचा वाटा दिला. मला ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. माँट्रियलने सामना ४-३ असा जिंकला, घरचा संघ हरला.

आणखी एक गोष्ट मनात धरा. १ जानेवारी २०२२ रोजी मिनियापोलिसला असाच सामना झाला तेव्हा पारा उणे एकवीसच्या आसपास होता. एनएचएलच्या उघड्यावरच्या सामन्यांत तो सगळ्यात थंड. तिथे बर्फाला ऊब द्यावी लागली. फार गोठलेला बर्फ ठिसूळ होतो, स्केटच्या पात्याखाली तुकडे पडतात. म्हणून जो द्रव एरवी बर्फाखाली फिरून त्याला गार ठेवतो, तोच गरम करून फिरवला. या खेळाच्या बर्फाला उणे पाचच्या आसपासचं तापमान मानवतं. थंडीवर जगणाऱ्या गोष्टीलाही थंडीची मर्यादा आहे.

तुम्हालाही आहे. बोटं पांढरी पडून बधिर झाली, कान दुखायचे थांबून काही कळेनासे झाले, तर उठा आणि आत जा. हट्टाने बसून राहण्यात प्रेम नाही. हिमदंशाला निष्ठा कळत नाही.

आता हळूहळू परत येऊ. तळवे एकमेकांवर घासा, चेहऱ्यावर ठेवा. श्वास कोमट आहे, खोली ओळखीची आहे. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी एडमंटनच्या त्याच स्टेडियममध्ये ऑयलर्स पुन्हा उघड्यावर खेळले. या वेळी त्यांनी कॅलगरी फ्लेम्सना ५-२ असं हरवलं आणि ५५,४११ माणसं पाहायला आली होती. तुमच्यापैकी जे एडमंटन, टोरांटो किंवा मिनियापोलिसला राहतात, त्यांनी पुढचा असा सामना घरात बसून पाहू नये. मुलांना घ्या, थर्मास भरा, पायांखाली घालायला पुठ्ठा घ्या, आणि जा.