एकसष्टचं कोडं

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्या मठाला शके ११२८ मध्ये दान मिळालं. तिथल्या विद्यार्थ्यांपुढे बीजगणितातला हा प्रश्न आला असेल: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो?

एक, दोन, तीन करत तपासायला बसलं तर उत्तर थेट २२,६१,५३,९८० वर सापडतं. जन्म जाईल. भास्कराचार्यांनी आधी १ च्या जागी ३ चालवून घेतले: ६१ × १ + ३ = ६४, म्हणजे ८ चा वर्ग. चक्रवाल पद्धतीने त्याचंच पुढचं रूप केलं: ६१ × २५ − ४ = १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. −४ हाती आले की उरलेलं काम ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ ही जुनी उत्तरं जोडून नवं काढायची रीत करते. १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्माने युरोपातल्या दुसऱ्या एका गणितज्ञाला हेच ६१ चं कोडं घातलं, तेव्हा आपल्याकडचं उत्तर पाचशे वर्षांचं जुनं होतं.

आज धुळ्या-जळगावच्या एखाद्या कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक याच वाटेने, म्हणजे आधी प्रश्न सोपा करून, लावता येतं. प्रत्येक विषय म्हणजे एक बिंदू. दोन विषयांना एक जरी विद्यार्थी सामाईक असला तरी त्यांच्यात रेघ. समजा सत्रं १२ आहेत. ज्या विषयाला १२ पेक्षा कमी रेघा, तो खुशाल बाजूला काढावा, त्याला शेवटी जागा मिळतेच. तो निघाला की शेजाऱ्यांच्या रेघा घटतात आणि त्यांतलेही काही सुटतात. उरते ती खरी गाठ. ती ‘होय-नाही’च्या अटींत लिहून सॅट सॉल्व्हरला, म्हणजे अशा अटी सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायची. तो एक गोष्ट गृहीत धरतो, तिचे परिणाम तपासतो आणि अडला की अडण्याचं कारण नवी अट म्हणून टिपून ठेवतो. तीच चूक पुन्हा होत नाही.

यात बिंदू-रेघांची आकृती आधी सोपी करण्याचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. दर नव्या ‘होय-नाही’ला शक्यता दुप्पट होतात, तिसाव्यालाच त्या शंभर कोटींपुढे जातात. नुसत्या वेगवान यंत्राला हे झेपत नाही.

पाटणजवळच्या पाटणादेवीला सहल नेणाऱ्या शिक्षकांनो, मुलांना वहीत ६१ लिहून द्या. तासभर त्यांना एकेक संख्या तपासू द्या, मग ३ चालवून घ्यायला सांगा.