परवान्याचे यंत्र

पुणे-सातारा मार्गावरील शिवऱ्यापासून पश्चिमेस भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत शिरले, की भातशेतीचे सारे गणित एका प्रश्नापाशी येऊन थांबते : तरवे टाकल्यापासून रोप लावणीजोगे होईपर्यंत पाऊस साथ देईल, की मध्येच दडी मारील? रोप वाफ्यात तयार आहे, खाचरात चिखलणीपुरतेही पाणी नाही, आणि दिवस जाईल तसे ते रोप जून होऊन त्याला फुटवे कमी येणार, हे ज्याने बांधावर उभे राहून पाहिले आहे, त्याला हवामानाच्या अंदाजाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. हा अंदाज आज येथून फार दूर नसलेल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, 'अर्का' या महासंगणकाच्या साहाय्याने मांडला जातो; मे २०२५ पासून तेथील नवी प्रणाली १२ किलोमीटरांऐवजी ६ किलोमीटरांच्या चौकटींत पावसाचा विचार करू लागली आणि पूर्वी दहा तासांपर्यंत चालणारे गणित सुमारे चार तासांत उरकू लागले.

असे यंत्र परक्याकडे मागावे लागते तेव्हा काय होते, याचा अनुभव आपण १९८० च्या दशकात घेतला आहे. पर्जन्याच्या अभ्यासासाठी व इतर शास्त्रीय संशोधनासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचे महासंगणक मागितले. परंतु जे यंत्र ढगांची गती मांडते तेच अण्वस्त्राचा स्फोट आणि क्षेपणास्त्राचा मार्गही मांडू शकते, या शंकेने तेथील सरकारने मागणीपेक्षा कमी शक्तीचे यंत्र, तेही त्याच्या वापरावर देखरेख ठेवण्याच्या अटीवर, मंजूर केले. त्यानंतर १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' या सरकारी संगणन-संस्थेची स्थापना झाली, तीन वर्षांची मुदत व सुमारे ३० कोटींची तरतूद ठरली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला.

हवे ते यंत्र मिळाले नाही म्हणून आपण स्वतः केले, एवढ्यावर ही हकीकत संपवणे मला अपुरे वाटते. 'परम ८०००' मधील ट्रान्सप्युटर ही चिप ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीची होती. आपले होते ते अशा अनेक चिपांना एकत्र कामास जुंपणारे कौशल्य, आणि त्या कौशल्याची खरी कसोटी पुढेच लागली. कारण इन्मॉस आधीच दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली होती, ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली, आणि ज्या पायावर इमारत रचली तोच खचू लागला. तेव्हा पुण्यातील अभियंत्यांनी 'परम ९०००' ची रचनाच अशी बेतली, की तिच्यात एका कारखान्याच्या चिपेऐवजी दुसऱ्याची बसवता यावी. 'परम'च्या सर्व पराक्रमांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

शस्त्रविद्या विकणारा व्यापारी आपल्या हिताप्रमाणे पक्ष बदलतो, हे या राजगड-तोरण्याच्या मुलखाला नवे नाही. १६६० मध्ये पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपली तोफ घेऊन सिद्दीच्या मदतीस गेले. पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून त्या इंग्रजांना कैद केले. तथापि परक्यांकडून तोफा घेणे महाराजांनी त्यानंतरही सोडले नाही. गड मात्र स्वतःच्या माणसांकरवी उभे केले.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्पर्धेत तोफेची जागा चिपेने घेतली आहे. ती अमेरिकेत आखली जाते, तैवानात घडते, आणि तिच्यावरील अतिसूक्ष्म रेखाटन करणारी यंत्रे नेदरलँड्समधील 'एएसएमएल' ही एकच कंपनी बनवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने अशा चिपा चीनला देण्यावर निर्बंध घातले. जानेवारी २०२५ मध्ये जगाची प्रतवारी करणारा नियम काढला, त्यात मुक्त पुरवठ्याचा हक्क १८ मित्रराष्ट्रांना मिळाला आणि भारत मर्यादेच्या रांगेत राहिला. मे महिन्यात तो नियम मागे घेण्यात आला, पण ज्या हुकुमाने दार उघडले तशाच दुसऱ्या हुकुमाने ते पुन्हा लागू शकते. 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० मध्ये जगात ६३ वा ठरला तो एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या चिपांवर. खुद्द 'अर्का'ही एका फ्रेंच कंपनीने उभारलेला आहे. गुजरातेत धोलेरा येथे मंजूर झालेला कारखाना २८ नॅनोमीटर व त्याहून जाड घडणीच्या चिपा करील. त्या मोटारींना आणि उपकरणांना हव्यातच, परंतु या स्पर्धेतील चिपेपासून त्या कित्येक पिढ्या मागे आहेत.

म्हणून मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या केंद्र सरकारच्या 'इंडियाएआय' मोहिमेविषयी माझी काळजी चिपांच्या संख्येची नाही. एनव्हिडियाची खरी पकड 'कुडा' या तिच्या आज्ञावलीच्या चौकटीत आहे. तिच्यातच सारी पिढी शिकली आणि सारे काम लिहिले गेले, की उद्या पुरवठा अडला तर नुसते यंत्र बदलून भागणार नाही. सरकारी पैशाने जे काही तयार होईल ते किमान दोन निरनिराळ्या उत्पादकांच्या चिपांवर चालवून दाखवलेच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. यामुळे काम आरंभी महाग पडेल, वेगही मंदावेल, आणि ज्यांना निकाल लवकर दाखवायचा आहे ते कुरकुर करतील. तरीही ही अट निविदेतच घालावी लागेल, कारण यंत्र बसून त्यावर पाच वर्षांचे काम चढले, म्हणजे ती कोणत्याच खात्याला घालता येणार नाही.