आईने श्वास घ्यायचा, तर लेकराजवळ कोण बसणार?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारची गोष्ट. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, मंडळी चपला शोधत होती. एक ताई मुलाला मांडीवर घेऊन मागेच बसून राहिल्या. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आधार सोडला की तो बसू शकत नाही. मिस्टर लूमवर बारा तासांच्या शिफ्टला. ताई घरी साड्यांना लेस लावतात आणि मुलाचं सगळं करतात. त्या हळूच म्हणाल्या, "रात्री झोप नाही. परवा त्याच्यावर हात उचलला गेला. मग रात्रभर रडत बसले."

आमच्यातल्याच एकाने लगेच सांगितलं, "ताई, रोज वीस मिनिटं प्राणायाम करा, डोळे मिटून नाम घ्या. प्रारब्ध आहे, हसत भोगायचं."

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, मी डोळे मिटले की पोरगं कलंडतं. वीस मिनिटं मिटू कशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाला कडेवर घेऊन निघून गेल्या. तो सल्ला एकाने दिला, पण गप्प आम्ही सगळेच बसलो होतो. म्हणून आजचा हा लेख आधी आमच्या स्वतःसाठी आहे.

*थकणं म्हणजे माया कमी पडणं का?*

आपल्याकडे आई थकली असं म्हणायची सोय नाही. आई म्हणजे देव, आणि देव थकत नाही! पण हे कौतुक करता करता आपण तिच्यावर केवढं ओझं टाकतो, बघा. ती चिडली की तिला वाटतं आपण वाईट आई आहोत. तासभर एकटं राहावंसं वाटलं तरी तिला पाप केल्यासारखं वाटतं.

अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५८ आया होत्या. काहींची मुलं धडधाकट, काहींची वर्षानुवर्षं आजारी. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना एक टोपीसारखा भाग असतो, तो वयाबरोबर आखूड होत जातो. आजारी मुलाची काळजी घेण्यात जितकी जास्त वर्षं गेली, तितका त्या आईच्या रक्तपेशींतला हा भाग आखूड दिसला. म्हणजे हा थकवा नुसता मनाचा नाही. तो हाडामांसात, पेशीपेशीत उतरतो. दिव्याचं तेल संपलं तर आपण वातीला दोष देत नाही. मग आईलाच का देतो?

*श्वासाने खरंच काही होतं का?*

होतं, आणि त्याचा शोध घेणाऱ्यांत आपल्याच मुलखाशी नातं असलेला एक माणूस होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा, गुजरातेत डभोईचा. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते शिक्षक होते. आपल्यातले कितीतरी जण अमळनेर-पारोळा भागातूनच सुरतेला आलेले. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. गुरूंवर पूर्ण श्रद्धा, तरी त्यांनी योगक्रिया यंत्रांनी मोजून पाहिल्या. श्रद्धा आणि तपासणी एकत्र नांदू शकतात, ते असे.

आता श्वासाचं काम कसं चालतं ते सोप्या शब्दांत पाहू. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली दहावी म्हणजे व्हेगस. ती मानेतून छातीत, हृदयाकडे, फुप्फुसांकडे आणि पुढे पोटापर्यंत जाते. श्वास आत घेतो तेव्हा हृदय थोडं वेगाने धावतं, बाहेर सोडतो तेव्हा मंदावतं. हे मंदावणं या नसेकडून होतं. म्हणून सोडायचा श्वास लांबवला की शरीराला थोडा विसावा मिळतो. शिवाय या नसेतले बहुतेक तंतू शरीराची खबर मेंदूकडे नेतात. छाती शांत झाली की तेही वर कळतं.

इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला, तो २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. म्हणजे आजी माळ ओढता ओढता शांत व्हायची, त्यात नामाची गोडी होती आणि श्वासाची लयही होती.

करायचं कसं? नाकाने श्वास घ्या, मनात चार आकडे मोजा. सोडताना सहा मोजा. रोखून धरायचा नाही. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, उभ्यानेही जमतं. कुकरची शिट्टी होईपर्यंत करा, मुलाला भरवताना दोन घासांच्या मध्ये करा. सोडताना भुंग्यासारखा हलका गुंजारव केला की भ्रामरी होते, ती कित्येक मुलांनाही आवडते. चक्कर आली तर थांबा. बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर जोरजोरात श्वास मारायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणखी एक. कानाला लावायच्या मशीनचे, मान दाबून नस 'जागी' करायचे मेसेज हल्ली ग्रुपवर फिरतात. व्हेगसला विजेचे हलके झटके देणारं उपकरण खरंच आहे. औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या फिटसाठी अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. पण ते ऑपरेशन करून छातीत बसवतात आणि कोणाला बसवायचं हे मेंदूचे डॉक्टर ठरवतात. कानाच्या मशीनवर अजून अभ्यास चालू आहेत. फॉरवर्ड वाचून पैसे घालू नका, मान तर अजिबात दाबू नका. आणि मुलाच्या फिटच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून, अगदी आमच्याही, बंद करू नका.

*मग आमचं चुकलं कुठे?*

सल्ला खोटा नव्हता. चुकलं ते असं, की सल्ला देऊन आम्ही मोकळे झालो. श्वासाचा व्यायाम सांगायला पैसा लागत नाही आणि वेळही जात नाही. ज्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर राहतं, वर आणखी एक काम वाढतं. उद्या ताई परत चिडल्या तर आम्हीच म्हणणार, "प्राणायाम करत नसाल!"

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कोणाला साधतो ते सांगितलंय. ज्याचं खाणं, वागणं आणि झोप-जागरण प्रमाणात आहे, त्याला. आम्ही हे कितीदा वाचलं! पण जिची झोपच रोज मोडते, तिच्या योगाची पहिली पायरी झोप आहे, हे ध्यानात आलं नाही. आणि ती झोप तिची तिला मिळवता येत नाही. कोणीतरी दुसऱ्याने जागावं लागतं.

प्रारब्धाचंही तेच. कर्माचा सिद्धांत स्वतःकडे पाहायला दिलेला आरसा आहे, दुसऱ्याचं दुःख तोलायचा काटा नव्हे. माझ्या वाट्याला आलेलं मी प्रारब्ध म्हणून स्वीकारलं तर ती भक्ती. दुसऱ्याच्या दुःखाला मी प्रारब्ध म्हटलं, तर बहुतेक वेळा ती अंग काढून घ्यायची वाट असते. त्या लेकराचं दुखणं तिचं प्रारब्ध असेल, तर आपण तिच्या शेजारच्या गल्लीत राहतो हे कोणाचं प्रारब्ध?

जनाबाईची कथा सगळ्यांना पाठ आहे. जनी दळून दळून दमली, तेव्हा पांडुरंगाने तिला उपदेश केला नाही. तो जात्याशी बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला. नाम तर जनी घेतच होती. देवाने दिला तो हात.

*आपण काय करायचं?*

कोणी म्हणेल, "आईशिवाय ते राहत नाही, दुसऱ्याकडे सोपवायचं कसं?" म्हणणं बरोबर आहे. पहिल्याच दिवशी सोपवायचंही नाही. आधी पंधरा मिनिटं, आई त्याच खोलीत असताना. त्याला कसं उचलायचं, मान कशी धरायची, घास केवढा द्यायचा, हे तिच्याकडून शिका. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच १०८. मग हळूहळू अर्धा तास, तास.

यात एक मोठं कामही होतं. अशा प्रत्येक आईबापाच्या पोटात एकच भीती असते, आमच्यामागे याचं कोण? ती तोंडी धीराने जात नाही. आज लेकरू दोन-तीन माणसांच्या हातून जेवायला शिकलं, तर थोडी कमी होते.

सरकारी सोयीही घरोघरी सांगा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी १९९९ च्या कायद्याने झालेला नॅशनल ट्रस्ट आहे. त्याच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. कागदपत्रं जमवणं आणि रांगेत उभं राहणं ही कामं आपल्यातल्या तरुणांनी घ्यावीत. आणि जिला सारखं रडू येतं, जगावंसं वाटत नाही, तिला नुसतं नाम घ्यायला सांगून थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, तिथे फोन लावून द्या, डॉक्टरांकडे सोबत जा.

आम्ही त्या ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. आता मंगळवारी आणि शनिवारी दुपारी आमच्यातल्या दोन माई त्यांच्याकडे बसतात. पहिल्या शनिवारी ताईंनी ना प्राणायाम केला ना जप. त्या दीड तास गाढ झोपल्या. बाहेर लूमची खडखड चालूच होती. माई मुलाजवळ बसून हळू आवाजात भ्रामरी करत होत्या आणि तो त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता.

आम्हाला वाटतं, त्या दिवशी साधना सगळ्यांचीच झाली.

आपल्या गल्लीत, नात्यात असं एखादं घर असेलच. हा लेख घरच्या ग्रुपवर पाठवा, पण त्याच्याखाली आपलं नाव आणि आठवड्यातला एक तास लिहून पाठवा. नुसता हात जोडलेला इमोजी नको, बरं का.

जय गुरुदेव 🙏
आपला, बमरोली सत्संग परिवार