स्मारक आणि साक्ष

हरियाणातील मानेसर ज्या अहिरवाल प्रदेशात वसले आहे, त्याच प्रदेशातील रेवाडी येथे रेझांग ला खिंडीतील वीरांचे स्मारक आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील त्या खिंडीत १३ कुमाऊं पलटणीच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली चिनी आक्रमणाला तोंड दिले. सुमारे १२० जवानांपैकी शंभराहून अधिक कामी आले. त्यांतील बहुतेक या भागातले अहीर होते. वाचलेल्या मोजक्यांनी घडले ते सांगितले, परंतु त्यावर आरंभी विश्वास ठेवला गेला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये गोठलेले देह मोर्चांतच शस्त्रांसह सापडले, तेव्हा ते कथन खरे ठरले.

मराठी मुलखातील वीरगळावर बहुधा खाली युद्ध, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपूजा कोरलेली असते. रणातून परतून वृत्तांत सांगणाऱ्याला त्या शिळेवर जागा नसते. आधुनिक स्मारकांनीही बहुतांशी हीच रीत राखली आहे. मृत्यू हा शौर्याचा पुरावा मानला की वाचणे हाच संशयाचा आधार होतो. मग प्रश्न उरतो तो असा : हुतात्म्याला वंदन करणारा समाज साक्षीदाराचा शब्द कशाच्या बळावर नाकारतो? मृतांची कीर्ती जिवंतांच्याच मुखातून प्रथम आली होती. रेवाडीच्या स्मारकापुढे नतमस्तक होणाऱ्याने या अविश्वासाचेही स्मरण ठेवावे. कारण हुतात्म्यांचे ऋण फुलांनी व्यक्त करता येते, साक्षीदारांचे मात्र त्यांचे बोलणे वेळीच ऐकून घेण्यानेच फिटते.